सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी

१

चोर ठरवायला आप्पांना पाच मिनिटं लागली. मुलींचा टायपिंगचा स्पीड मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे घड्याळाकडे नजर जातेच. नऊ वाजून वीस मिनिटांनी चार नंबरचा कॉम्प्युटर उघडला गेला आणि नऊ पंचवीसला अलमासचं नाव घेऊन झालं होतं.

मी उमाबाई. केजच्या ‘विद्याधन टायपिंग व संगणक वर्गा’त शिकवते. वर्ग महारुद्र आप्पांचा. आप्पांचं किराणा दुकान पुढच्या बाजूला, मागच्या अंगाला वर्ग, आणि वर्गाला लागून त्यांच्या मुलाची, राजेश्वरची खोली. तिथं तो कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करतो.

गेला आठवडाभर वर्गातले चार कॉम्प्युटर रांगत होते. त्या शनिवारी, पंधरा नोव्हेंबर सत्त्याण्णवला, राजेश्वरनं आप्पांसमोर चार नंबरचं झाकण काढलं, आत बोट दाखवलं आणि झाकण लावूनही टाकलं. मेमरीची एक पट्टी गायब होती. “दोन, तीन अन् पाचमदी बी असंच हाय,” तो म्हणाला. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पिकायला लागलेला. त्यांनी काय पाहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आप्पा तरातरा फाटकाशी आले. चाळीस मुली उभ्या होत्या.

“दसऱ्याला बसवलेल्या चार नव्या कोऱ्या पट्ट्या गेल्या!” ते ओरडले. “माझ्या वर्गात चोर हाय!”

“चोर धरायला पोलीस कशाला पायजेत?” राजेश्वर मागून म्हणाला. “पिशवीत पेचकस घिऊन कोण येतंय, ते बघा की.”

आणि त्यानं अलमासची पिशवी घेऊन फाटकातच उलटी केली. वही, डबा, रुमाल पडला. शेवटी पिवळ्या मुठीचा पेचकस पडला.

“बाप मिस्त्री, पोरगी मिस्त्री. हितं दुसऱ्या कुणाला झाकण काढता येतंय? दिवाळीच्या सुट्टीआदी शेवटच्या दिवशी सहापस्तोर एकलीच बसलती ही. तवाच काढल्या.”

अलमास रडली नाही. तिनं सरळ आप्पांकडं पाहिलं. “म्या न्हाई घेतल्या, आप्पा. पेचकस बाईंनीच आणायला सांगितलता. इचारा बाईंना.”

खरं होतं. सहा नंबरचा प्लग ढिला झाला होता. तिचे वडील चाँद मिस्त्री एसटी स्टँडजवळ विहिरीच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतात, म्हणून मीच तिला म्हणाले होते, येताना पेचकस आण गं. मी हे मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं.

“उमाबाई, तुमी टायपिंगवाल्या,” आप्पा म्हणाले. “यातलं तुमाला काय कळतंय?”

माझ्या टेबलावर हॉल तिकिटांचा गठ्ठा होता. त्यातून त्यांनी अलमासचं तिकीट काढून खिशात घातलं. “पट्ट्या आन, तिकीट घिऊन जा.”

परीक्षा सोमवारी दहाला, आमच्याच वर्गात होती. साखर कारखान्यात दोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या होत्या आणि प्रमाणपत्राशिवाय अर्ज घेत नव्हते. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. पण चोरीचा शिक्का बसलेल्या पोरीला तेव्हा तरी कोण दारात उभं करणार होतं?

अलमास खाली वाकून डबा उचलत होती. पेचकसाला हात लावणार तेवढ्यात राजेश्वरनं तो उचलला. “हा पुरावा,” म्हणाला आणि खिशात टाकला.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझं डोकं असं तडकलं की पुढचं मी विचार करून बोललेच नाही.

“आप्पा, सोमवारी पेपराआदी मी तुमाला चोर दाखवते.”

आप्पा हसले. राजेश्वर मात्र हसला नाही.

२

पट्ट्यांची गोष्ट आधी सांगायला हवी.

सहा कॉम्प्युटर पंच्याण्णवला लातूरहून आणले होते. तेव्हा ते पळायचे. मग परीक्षेत नवं विंडोज आलं आणि तेच कॉम्प्युटर धापा टाकायला लागले. मला त्यातलं कळत नाही, पण मोजता येतं. बटण दाबल्यापासून मशीन कामाला लागेपर्यंत माझा दीडशे वेळा ‘ॐ नमः शिवाय’ म्हणून व्हायचा. एका पानाचं पत्र टाइप करायला मुलीला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच ते उघडायला. मी आप्पांना सांगितलं, अशानं पोरी नापास होतील.

मग घरात वाद पेटला. राजेश्वरचं म्हणणं, सगळी भंगारात काढा आणि सहा नवी पेंटियम घ्या. स्वतःच्या पत्रिकांच्या मशीनलाही त्याला मेमरी वाढवून हवी होती. आप्पांनी त्याला एकदाच सांगितलं होतं की तुझ्या खोलीवर आता एक रुपया घालणार नाही.

आप्पांचा भाचा संगमेश्वर बीडला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. नवी सहा विकली असती तर फायदा त्याचाच होता. पण पोरगा सरळ बोलला.

“मामा, मशीन म्हातारं झालं न्हाई. आधी बघायचं काम कुटं अडतंय, अन् अडतंय तेवढंच बदलायचं. हे मेमरीला अडतंय. सैपाकघरात डबे लई हायत पन ओटा इतभर, असं झालंय. बाई एक डबा काढती, दुसरा ठिवती, येरझाऱ्यातच जीव जातोय तिचा. ओटा मोठा करा, बाई तीच ठिवा.”

मला पटलं. ओट्याचं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. आप्पांनाही पटलं, कारण ते स्वस्त होतं. प्रत्येक मशीनमध्ये मेमरीची एक जुनी पट्टी होती, तिच्या शेजारच्या रिकाम्या खाचेत तेवढ्याच ताकदीची एक नवी बसवायची ठरली.

दसऱ्याला संगमेश्वर सहा नव्या पट्ट्या घेऊन आला. आमच्या समाजात नव्या वस्तूला विभूती लावतात, पण आप्पांच्या घरचा रिवाज त्याहून कडक. विभूती लागलेली वस्तू सव्वा महिना जागची हलवायची नाही, नाहीतर घराला लागतं. तीन वर्षांपूर्वी राजेश्वरनं पूजा झालेला नवा तराजू आठव्या दिवशी दुकानदाराला परत दिला होता, आणि त्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात मोटारसायकलवरून पडून पाय मोडून घेतला. अजून जरा ओढतच चालतो. तेव्हापासून आप्पांपेक्षा तोच जास्त पाळतो.

आप्पांनी विभूतीची वाटी घेतली आणि तीन बोटांनी एकेका नव्या पट्टीवर पट्टे ओढले. संगमेश्वर जीव मुठीत धरून बघत होता. “मामा, वर काळ्या भागाला लावा. खालच्या सोनेरी दातांना हात लावू नगा, मशीन बोलायचं न्हाई.” मग हसत हसत त्यानं त्या बसवल्या.

दीडशेचा जप पन्नासवर आला. पुढं चार आठवडे सुखात गेले. आणि मग एके दिवशी चार मशीन पुन्हा दीडशेवर. मी विजेला शिव्या घातल्या. दुसरं कशाला घालायच्या ते मला ठाऊकच नव्हतं.

३

शनिवारी दुपारी मी कामाला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर निदान माझ्या डोळ्यांदेखत नको.

आधी बंकट शिपाई. वर्गाचं कुलूप तोच उघडतो.

“किल्ली माज्याकडं नसती, बाई,” तो कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला. “रोज सांजंला कुलूप लावून तुळजाकाकूच्या हातात देतो. काकू देवघरात खिळ्याला लावत्यात. सकाळी काकूच काढून देत्यात. मी देवघराचा उंबरा वलांडत न्हाई, मला कावून धरता?”

“कुलूप कधी तुटलेलं, उचकटलेलं?”

“न्हाई. कदीच न्हाई.”

तुळजाकाकू म्हणजे राजेश्वरची आई. चोर किल्लीनं आत गेला होता आणि किल्ली आप्पांच्या देवघरात होती. हे मी पदराला गाठ मारून ठेवलं.

मग राजेश्वर. त्याच्या खोलीत गेले तर छपाई चालू होती. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई तोंडावर. पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर पटकन उमटला. मागं हाच गणपती सोंडेपासून उंदराच्या शेपटापर्यंत यायला चहा पिऊन व्हायचा. बरं आहे, म्हटलं.

“तू पोरीला चोर म्हणालास. पाहिलंस का काढताना?”

“पाहायला कशाला पायजे? पेचकस हाय, बाप हाय.” तो मान वर न करता म्हणाला. “अन् बाई, तुमी येवढं मनाला लावून का घेता? त्या जुनाट पट्ट्या, बाजारात कुत्रं इचारना त्यांला. तिच्या बापानं भंगारात घातल्या असतील. आता तरी आप्पांनी नवी मशीन घ्यावीत, सुंठीवाचून खोकला जाईल.”

“पोरीचं काय?”

“तिला कुटं कलेक्टर व्हायचंय?”

माझ्या हातात लाकडी पट्टी असती तर त्या दिवशी त्याच्या बोटांवर बसली असती. लहानपणी बसलेलीही आहे.

मग मी एसटी स्टँडवरच्या बूथवरून बीडला फोन लावला.

“चोरी?” संगमेश्वर ओरडला. “मावशी, नव्या पट्ट्या मी पारखून आनल्यात, आज बी चांगल्या भावानं जातील. पन मामांनी मला चोरीचं काई सांगितलं न्हाई. काल फोन आलता, मशीन हळू चालत्यात, सोमवारी येऊन उघडून बघ म्हनून.”

“तू शेवटचा केजला कधी आला होतास?”

“दिवाळीनंतर, सात तारखेला. शुक्रवारी. प्रिंटर द्यायला आलतो, मामाकडंच मुक्काम केला.” मग तो थांबला. “माज्यावर डाऊट हाय का, मावशी?”

“आज माझा सगळ्या जगावर आहे.”

“मग एक सांगतो. कवा गेली ते मशीनच सांगतं की. बटन दाबलं की काळ्या पडद्यावर आकडा पळतोय ना, ती मेमरी मोजतंय. एक पट्टी असंल तर कमी आकड्यावर थांबतंय, दोन असतील तर दुप्पट. पन तो आकडा कोन लिहून ठिवतंय?”

फोन माझ्या हातातच राहिला. तो आकडा मी मुलींकडून लिहून घेत होते. दोन वर्षं, रोज, सहा मशीनचा.

४

टायपिंगच्या जुन्या शिस्तीत मुलगी मशीनवर बसली की आधी मशीनचा नंबर वहीत लिहिते, मग बोटं ठेवते. कॉम्प्युटर आले तेव्हा मी शिस्त मोडली नाही. नंबरासोबत सुरू होताना जो आकडा थांबतो तोही हजेरीत लिहायचा, म्हणजे मुलींना मोठे आकडे लिहायची सवय राहील. एवढाच उद्देश. त्या आकड्याला अर्थ आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी तो कधी वाचलाही नव्हता.

बूथवरून तशीच वर्गात आले. उजेड होता तोवर पानं उलटली.

दसऱ्यापर्यंत सहाही मशीनपुढं ८१९२. दसऱ्यानंतर सहाही मशीनपुढं १६३८४. दिवाळीची सुट्टी सुरू झाली तेव्हाही १६३८४.

पाच नोव्हेंबरला वर्ग पुन्हा उघडला. सगळीकडं १६३८४. सहाला तेच. सातला तेच.

आठ नोव्हेंबर, शनिवार. एक आणि सहा नंबरला १६३८४. दोन, तीन, चार आणि पाचला ८१९२.

चार वेगवेगळ्या मुलींनी चार वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं. एकीनंही विचारलं नाही की बाई, काल दुप्पट होतं, आज निम्मं कसं? नक्कल करायला मीच शिकवलं होतं, प्रश्न विचारायला नाही. तो राग माझा माझ्यावरच.

राजेश्वर म्हणाला होता, सुट्टीआधीच्या संध्याकाळी पट्ट्या गेल्या. धडधडीत खोटं. सुट्टीनंतर तीन दिवस त्या जागेवर होत्या. गेल्या त्या सात तारखेला वर्ग सुटल्यानंतर आणि आठच्या सकाळच्या आत.

मी अलमासची हजेरी पाहिली. पाच ते दहा नोव्हेंबर, लाल शाईत, गैरहजर. खाली तिचाच अर्ज टाचलेला: मावशीच्या लग्नाला उमापूरला जात आहे.

सुटली! वाटलं की आत्ताच्या आत्ता वही घेऊन आप्पांच्या तोंडावर मारावी. पण मग आप्पा म्हणाले असते, तिनं बापाला पाठवलं असेल. पोरगी चोर नाही एवढ्यानं भागत नाही. चोर कोण, ते हातात धरून दाखवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात काहीतरी असेलच.

सात तारखेला आप्पांच्या घरात कोण होतं? राजेश्वर आणि संगमेश्वर. देवघराचा खिळा दोघांच्याही हाताला येतो.

५

रविवारी सकाळी तुळजाकाकूंकडून किल्ली घेतली. किल्ली देताना काकू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

चाँद मिस्त्री मात्र वर्गाच्या पायरीवर अडून बसले. “बाई, माफ करा. मैं झाकण को हाथ लगाया, तो कल बोलेंगे बाप भी चोर. माज्या पोरीनं कालपासून घास खाल्ला न्हाई. म्या तिला सांगितलं, बेटी, अपना काम मोटारी भरना, ये कम्प्युटर-बिम्प्युटर बड्या लोकांचं.”

“मिस्त्री, आज तुम्ही हात लावला नाही ना, तर हे जन्मभर असंच बोलणार,” मी म्हणाले. “बंकट उभा राहील साक्षीला. उघडा.”

त्यांनी उघडलं. आधी चार नंबर. मी बॅटरी धरली.

दोन खाचा होत्या. एक रिकामी, एकीत पट्टी. मिस्त्रींनी ती हलकेच काढून उजेडात धरली आणि फुंकर मारायला तोंड जवळ नेलं.

“थांबा!” मी ओरडले.

पट्टीच्या काळ्या भागावर तीन पांढरट पट्टे होते, तीन बोटांचे.

दोन नंबर उघडला. तिथंही उरलेल्या पट्टीवर विभूती. तीन आणि पाच नंबरलाही. मग ज्यांना कुणी हात लावला नव्हता त्या एक आणि सहामध्ये पाहिलं. तिथं दोन-दोन पट्ट्या होत्या. एकीवर विभूती, दुसरीवर लातूरच्या दुकानदाराची कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईनं मशीनचा नंबर.

“बाई,” मिस्त्री गोंधळून म्हणाले, “गेल्या त्या जुन्या! नव्या हितंच हायत. चोर येडा हाय का काय? हातात सोनं असताना पितळ नेलं?”

बंकट तोंडावर हात ठेवून मागं सरला.

मी मुलींच्या बाकावर बसले. जुनी असो नवी असो, ताकद सारखीच होती, पण विकायला गेलं तर नवीलाच दाम. कुणीही नवी उचलेल. बाहेरचा चोर असता तर त्यानं विभूती बोटानं पुसली असती. अलमास असती तर तिला कळलंही नसतं की पांढरं काय लागलंय. संगमेश्वर त्या रिवाजाला हसतो.

चोर वेडा नव्हता. भित्रा होता. आणि काल दुपारी तो माझ्याशी बोलता बोलता स्वतःच सगळं सांगून गेला होता.

६

चार वाजता मी आप्पांना राजेश्वरच्या खोलीत बोलावलं. मिस्त्री आणि बंकट दाराशी. तुळजाकाकू न बोलावता आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

“आप्पा, काल फाटकात तुम्ही काय ओरडलात? कुठल्या पट्ट्या गेल्या?”

“नव्या. चार नव्या कोऱ्या.”

“संगमेश्वरही फोनवर तेच म्हणाला, नव्या. पोरींनीही तेच ऐकलं. काल दुपारपर्यंत अख्ख्या केजला ठाऊक होतं की नव्या पट्ट्या गेल्या. मग राजेश्वर, तू एकटाच मला कसं म्हणालास की त्या जुनाट पट्ट्या, कुत्रं विचारत नाही त्यांना?”

राजेश्वरनं की-बोर्डवरून हात काढला. “म्हनालो असंल. बोलन्यात येतं.”

“बोलण्यात खरंच आलं. आम्ही आज उघडून पाहिलं. गेल्या त्या जुन्याच. नव्या जागच्या हलल्या नाहीत. का हलल्या नाहीत, सांगू? कारण सव्वा महिना अजून संपला नाही, परवा संपतो.”

आप्पांची मान सावकाश मुलाकडं वळली. त्यांची नजर त्याच्या तोंडावर नव्हती, पायावर होती.

“हे बगा, बाई…” राजेश्वर उठला.

“बस खाली! हजेरीत लिहिलंय, सात तारखेच्या रात्री गेल्या. अलमास तेव्हा उमापूरला होती. किल्ली देवघरात होती. आणि तू आठ दिवस गप्प बसून कालच ओरडलास, कारण शुक्रवारी आप्पांनी संगमेश्वरला बोलावलं. सोमवारी त्यानं झाकण काढलं असतं तर त्याला एका नजरेत कळलं असतं काय गेलंय. म्हणून त्याच्याआधी तूच उघडून दाखवलंस, तेही ज्यांना दिसत नाही त्यांना, आणि पोरीवर आळ टाकून मोकळा झालास.”

“सगळं हवेत हाय! गप बे, तू काय बगतो?” तो बंकटवर खेकसला. “पट्ट्या कुटं हायत? दाखवा की!”

मी बोट लावून त्याच्या कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. पत्रिकेवरचा गणपती नाहीसा झाला. मग बटण पुन्हा दाबलं.

“आप्पा, तुम्हाला दिसणार नाही, मी वाचते. तुम्ही पाढे म्हणणारे माणूस आहात. आठ हजार एकशे ब्याण्णव चौक किती?”

काळ्या पडद्यावर आकडा पळत होता. आठ हजार ओलांडले. सोळा हजार ओलांडले. आप्पा तोंडातल्या तोंडात हिशेब करत होते. दुकानात चाळीस वर्षं बसलेला माणूस, त्यांना मशीनपेक्षा कमी वेळ लागला.

“बत्तीस हजार सातशे अडुसष्ट,” ते म्हणाले.

“बत्तीस हजार सातशे अडुसष्ट,” मी पडद्यावरचा वाचला.

“मी इकत आनल्यात!” राजेश्वर ओरडला.

मिस्त्रींनी मशीन बंद केलं आणि झाकण काढलं. आत चार खाचांत चार पट्ट्या. चारही पट्ट्यांवर लातूरच्या दुकानाची चिकटपट्टी. शाईनं लिहिलेलं: २, ३, ४, ५.

मग तुळजाकाकू म्हणाल्या, “त्या राती खिळ्याला किल्ली उलटी व्हती, राजू. मला वाटलं माजंच चुकलं.”

राजेश्वर आता माझ्यावर नाही, बापावर उसळला. “मग काय करायचं? पत्रिकांना गिऱ्हाईक ताटकळतंय, मशीन चालंना, अन् तुमी एक रुपया देना! वर्गाची मशीन हळू पडली असती तर झक मारून नवी घेतली असती तुमी. अन् चोरी कसली? ह्या खोलीतनं त्या खोलीत! घरातल्या घरातच हाय माल!”

“आणि अलमास?” मी विचारलं. “ती पण घरातल्या घरातच का?”

तो उघड्या मशीनकडं बघायला लागला.

आप्पांनी खिशातून हॉल तिकीट काढून माझ्यापुढं धरलं. “उमाबाई, हे द्या पोरीला. पट्ट्या सापडल्या म्हनून सांगू. आपल्या समाजाची गोष्ट हाय, घरातली घरात ठिऊ.”

मला वाटलं होतं माझा राग संपला. तो तर तिथून पुढं सुरू झाला.

“आप्पा, पिशवी घरात उलटी केली होती का? फाटकात केली होती. चाळीस पोरींसमोर. तिकीट तुम्हीच द्यायचं, फाटकात, चाळीस पोरींसमोर. आणि पट्ट्या कुणी काढल्या ते यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नाहीतर उद्या परीक्षेच्या माणसाला मी हजेरी दाखवते. मग केंद्र राहतंय का जातंय ते तुमचं नशीब.”

आप्पांनी तिकीट पुन्हा खिशात ठेवलं आणि भिंतीला धरून बाहेर गेले.

७

सोमवारी आठला मुली जमल्या. अलमास सगळ्यांच्या मागं, वडिलांच्या सायकलजवळ उभी होती. ती येणारच नव्हती, मिस्त्रींनी आणली.

सव्वाआठला आप्पा फाटकात आले. मागून पाय ओढत राजेश्वर.

“पट्ट्या म्या काढल्यात्या,” तो जमिनीकडं बघून पुटपुटला.

“मागच्यांना ऐकू आलं नाही,” मी म्हणाले.

“पट्ट्या म्या काढल्यात्या! अलमासचा काई संबंद न्हाई!”

आप्पा चालत अलमासपर्यंत गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिकीट दिलं. तिनं घेतलं, दोनदा घडी घालून पिशवीत ठेवलं. मला वाटलं आता रडेल. ती राजेश्वरसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

“माजा पेचकस.”

त्यानं खिशातून काढून दिला.

“पट्ट्या कुटं हायत?” तिनं विचारलं. राजेश्वरनं त्या त्याच्या खोलीतून आणून दिल्या.

परीक्षेला पावणेदोन तास होते. बीडहून संगमेश्वरची गाडी अकराला येणार. चाँद मिस्त्री पुढं सरसावले, पण तिनं बापाला हातानंच थांबवलं. “अब्बा, मैं करती. दसऱ्याला संगमदादा बसवीत होते तवा म्या जवळ उभी व्हते. तिरपी घालायची, मग सरळ करायची.”

ती चार नंबरपाशी जमिनीवर बसली. एकेक स्क्रू काढून वर बघितलं, ठेवायला काही नव्हतं. राजेश्वर शेजारीच उभा होता.

“हात पुढं करा,” ती म्हणाली.

त्यानं तळहात पसरला. तिनं स्क्रू त्यात टाकले. चारही मशीन होईपर्यंत तो तसाच वाकून, तळहात पसरून तिच्यामागं फिरला, आणि चाळीस मुली खिडकीतून बघत होत्या.

पाच नंबरची शेवटची पट्टी तिनं हातात घेतली तेव्हा आप्पा विभूतीची वाटी घेऊन आले. बिचाऱ्यांना दुसरं काय करावं ते सुचत नसावं. तीन बोटं बुडवून पट्टीकडं हात नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. बावीस वर्षांत मी त्यांना हात लावला नव्हता.

“पट्टीला नको, आप्पा. पट्टीला लावली होती, तिला त्यानं हात लावला नाही. भ्याला. चोरी करताना त्याला विभूती आडवी आली, आणि या पोरीचं नाव घेताना काहीच आडवं आलं नाही. लावायचीच असेल तर त्याच्या जिभेला लावा.”

आप्पा वाटी धरून तसेच उभे राहिले. राजेश्वरची मूठ स्क्रूंवर मिटली होती.

अलमासनं मान वर केली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “उजेड जरा हिकडं धरा.”

मी धरला. पट्टी तिरपी गेली, सरळ झाली, कट् आवाज आला. तिनं झाकण लावून बटण दाबलं. आकडा पळायला लागला आणि ती तो थांबायची वाट बघत होती, हजेरीची वही उघडून, हातात पेन घेऊन.